चार बोटांचा बार

आमच्या थोरल्या काकांच्या डाव्या हाताची गोष्ट घरात चाळीस वर्षं मीच सांगत आलो. मुलांना सांगितली, जावयांना सांगितली, लग्नाकार्याला आलेल्या पाहुण्यांना पान लावता लावता सांगितली. ती खोटी होती. खरी टाळता यावी म्हणूनच मी ती इतक्यांदा सांगितली असणार. खोटं घोटून गुळगुळीत झालं की त्याला कुणी बोट लावून बघत नाही. आता काका नाहीत, काकू नाहीत, त्या दिवशी रानात जे होते त्यांतलं माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. म्हणजे खरं बोलायचं धैर्य मला आलं तेही साक्षीदार संपल्यावर. ते कितपत धैर्य म्हणायचं, ते वाचणाऱ्याने ठरवावं.

गोष्ट सत्तावीस-अठ्ठावीस सालच्या सुमाराची. आमचं गाव रत्नागिरीजवळच्या पालीपासून आत, दोन डोंगरांच्या बेचक्यात. खाली भात, वर उतारावर नाचणी नि वरी, त्याच्या वर रान आणि रानात डुकरं. पीक राखायला म्हणून सरकारने गावात चार ठासणीच्या बंदुकांचे परवाने दिले होते. पीक किती राखलं गेलं ते नाचणीलाच विचारावं. चौघांच्या मिशा मात्र चांगल्या राखल्या गेल्या. परवाना मिळाल्यापासून आमचे काका देवळात जातानाही बंदूक खांद्याला लावून जात, जणू देवच पिकात शिरणार होता.

आताच्या मुलांना ठासणीची बंदूक ठाऊक नसेल. तिला काडतूस नसतं. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, तिच्यावर काथ्याचा बोळा लोखंडी गजाने ठासायचा, त्यावर गोळी घालायची, तीही ठासायची. मागे बारीक छिद्राच्या तोंडावर तांब्याची केप, म्हणजे टिकलीएवढी टोपी, बसवायची. चाप ओढला की घोडा त्या केपेवर आपटतो आणि बार होतो. एकदा बार झाला की पुन्हा सगळं पहिल्यापासून, तोवर डुक्कर पुढच्या गावात. म्हणून सगळी विद्या बार भरण्यात. दारू किती, गोळी कसली, बोळा कसला, या तीन गोष्टींवर शिकार उभी.

आणि या तिन्ही गोष्टींवर आमच्या चार बंदूकवाल्यांची चार मतं होती. एकजण शिशात पितळ मिसळी, कारण नुसतं शिसं मऊ, ते डुकराच्या चरबीत अडकतं म्हणे. त्याच्या गोळ्या वांग्यासारख्या वाकड्या निघत आणि नळीतून खडखडत जात. दुसरा डुकरालाही छर्रेच घाली. एका गोळीऐवजी तीस छर्रे, एखादा तरी बसेल, असं त्याचं म्हणणं. बसत. डुक्कर ते छर्रे अंगात घेऊन पुढचा सबंध पावसाळा आमची नाचणी खाई. तिसरा आपली गोळी ग्रामदेवतेच्या पायांशी ठेवून, अंगारा लावून आणी, आणि मग नेम धरायचे कष्ट घेत नसे. चौथे आमचे काका. दारू जितकी जास्त तितकं डुक्कर लवकर पडतं, असा त्यांचा सिद्धांत. खांदा काळानिळा झाल्याशिवाय बार झाला असं त्यांना वाटतच नसे.

एकटेदुकटे गेले की ही तऱ्हा. पण गावाची पारध निघाली, म्हणजे पंचवीस-तीस माणसांनी हाकारे घालून रान उठवायचं असलं, की चारही बंदुका एकाच माणसाच्या हातून भरल्या जात. तीस माणसांचा जीव त्या चार नळ्यांच्या पुढे असे, एवढं मात्र गावाला कळत होतं. तो माणूस म्हणजे तांडेल.

तांडेलमामा मूळचे जयगडचे. तरुणपणी गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे मुकादम होते, मस्कत-बसऱ्यापर्यंत जाऊन आलेले. चाच्यांच्या भीतीने गलबतावर दोन ठासणीच्या बंदुका ठेवत, त्यांवर ते शिकले. पुढे आमच्या गावातल्या एका घरची एकुलती एक मुलगी करून घरजावई म्हणून तिच्या शेतावर येऊन राहिले. बायको आमची गावच्या नात्याने आते, म्हणून ते आम्हा तरुणांचे मामा आणि मोठ्यांचे भावोजी. तीस वर्षं झाली तरी पाहुणेच. भावोजी म्हणताना प्रत्येकाच्या आवाजात एक कुसळ असायचं. एकदा देवळाच्या पारावर पितळवाल्याने त्यांना विचारलं, "भावोजी, समुद्रात डुकरं असतात का वो?"

"नाय वो," तांडेलमामा म्हणाले, "म्हनून तर सासुरवाडीला येऊन रायलो."

हे कळून हसायला पितळवाल्याला जरा वेळ लागला.

मी सांगतो आहे त्या वेळेपर्यंत आते वारली होती. मूलबाळ नव्हतं. तिच्या चुलतभावांनी शेत कसायला घेतलं होतं आणि तांडेलमामांना घरात राहू दिलं होतं. गावात त्यांचं म्हणून असं एकच काम उरलं होतं, बार भरणं. कार्तिक लागला की ते तयारीला लागत. जयगडहून जाळ्यांची जुनी शिशाची वजनं आणलेली असत, ती वितळवून साच्यात गोल गोळ्या पाडायच्या. प्रत्येक गोळी पितळेच्या ताटात सोडून बघायची. सरळ गेली तर ठेवायची, वळली की पुन्हा कढईत. जुन्या लुगड्याचे तुकडे कोकमतेलात भिजवून ठेवायचे. त्यात गुंडाळून गोळी नळीत अंगठ्याने दाबली की जरा नको-नको करत आत गेली पाहिजे. ते म्हणत, सैल गोळी वाट चुकते आणि घट्ट गोळी वाट अडवते. दारू सुपात पसरून उन्हात वाळवायची, चिमूटभर फणसाच्या पानावर पेटवून बघायची. पानावर ओला काळा डाग राहिला की ती दारू डुकराला नाही, दिवाळीला.

माप बोटांचं. रिकाम्या बंदुकीत गज टाकला की त्याचं वरचं टोक नळीच्या तोंडाशी बरोबर येतं. बार भरल्यावर टाकला की आतल्या बाराच्या उंचीएवढा वर राहतो. तो किती बोटं वर राहिला, ते मोजायचं. रानकोंबडीला दोन, भेकराला तीन, डुकराला चार. आणि बोटं फक्त तांडेलमामांची. हात बदलला की माप बदललं. मग गज हातभर वर उचलून सोडून द्यायचा. तो गोळीवर आपटून टणकन वर उडाला म्हणजे गोळी दारूवर बसली. नुसता थप् असा बसला तर मध्ये पोकळी आहे. या पोकळीला ते वारा म्हणत. "मदी वारा ठेवायचा नाय. दारू बंदूक फोडनार नाय, वारा फोडील," हे वाक्य गावातल्या पोरासोरांना पाठ होतं. मला तर ते ऐकलं की हसू येई.

कारण मी शहाणा झालो होतो. मुंबईला कोटात, म्हणजे फोर्टात, एका साहेबी बंदुकांच्या दुकानात मला नोकरी होती. खोक्यांत भुसा भरायचा आणि वर पत्त्याच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या, ही माझी नोकरी. गावात मी सांगत असे की मी बंदुकांच्या लाइनीत आहे. दुकानात येणारे जुने क्याटलॉग मी घरी नेई. त्यांत टोकदार गोळ्यांची चित्रं असत, पुढून निमुळत्या नि मागून पोकळ, आणि खाली कोणत्या गोळीला किती दारू याचं कोष्टक. इंग्रजी माझं चित्रांपुरतं होतं. ती टोकदार गोळी आतून पिळाचे आटे पाडलेल्या नळीसाठी असते, साध्या नळीतून ती भेलकांडत जाते, हे त्याच पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेलं होतं. ते मी वाचलं चार-पाच वर्षांनी.

त्या वर्षी रजेवर येताना एका गिऱ्हाइकाने टाकून दिलेला टोकदार गोळीचा साचा मी घेऊन आलो. काकांच्या ओटीवर गोळ्या पाडल्या आणि पारधीच्या चार दिवस आधी चारही बंदूकवाल्यांसमोर व्याख्यान दिलं. गोल गोळीचा जमाना गेला, विलायतेत आता शाळेतली मुलंही गोल गोळी वापरत नाहीत, बोटांनी दारू मोजणं म्हणजे डोळे मिटून मीठ घालणं, असं बरंच. काका अभिमानाने सगळ्यांकडे बघत होते. त्यांनाही ती गोळी समजली नव्हती, पण वजनदार होती, आणि वजनदार ते त्यांना आवडे.

तांडेलमामा कोपऱ्यात बसले होते. त्यांनी हात पुढे केला, गोळी घेतली, टोकावर नख फिरवलं. मग समोरचं पानाचं ताट रिकामं करून त्यात गोळी आडवी सोडली. ती सरळ कशी जाणार? एका अंगाला निमुळती. ताटात गोल वळसा घेऊन ती पुन्हा त्यांच्याच हाताशी आली.

"मुंबयची हाय, बाबा," तांडेलमामा म्हणाले. "ट्रामच्या वाटेनं वळते."

ओटी हसली. काकाही हसले. एवढंच झालं. त्यांनी पुढे मला समजावूनही सांगितलं, की गोळी वाईट नाही, पण ही नळी तिची नाही. ते मी ऐकलं नाही. पुढचे चार दिवस मी पाणवठ्यावरून गेलो की कुणीतरी म्हणे, बाजूला व्हा, ट्राम आली. बावीस वर्षांच्या, मुंबईहून कोट शिवून आणलेल्या माणसाला हे सोसेना. माझी एवढीच जखम. पुढे जे झालं त्याच्या मानाने ती मांडताना लाज वाटते, पण तिच्याहून मोठं कारण शोधूनही सापडत नाही.

आमच्याकडे पारध झाल्यावर एक रीत होती. डुक्कर कापताना आत जी गोळी सापडे ती धुऊन पळसाच्या पानावर सगळ्यांसमोर ठेवत. कुणाची गोळी ते ओळखलं, की त्या बंदुकीला मुंडीचा मान आणि बार भरणाऱ्याला मांडीचा एक वाटा. माझ्या डोक्यात ते पान बसलं. त्या पानावर माझी टोकदार गोळी निघाली पाहिजे, सगळ्या गावाने वाकून बघितली पाहिजे, आणि तांडेलमामांनी ती उचलून काहीतरी बोललं पाहिजे. काय बोलावं तेही मी ठरवून ठेवलं होतं.

मार्गशीर्षातली सकाळ. भात झोडून झालं होतं. तांडेलमामांनी देवळाच्या अंगणात चारही बंदुका भरल्या. गज टणकन उडाल्याचे चार आवाज मी स्वतः ऐकले. मग बंदुका जोत्याला ओळीने टेकून ठेवल्या आणि गुरव गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. सगळे हात जोडून, माना खाली घालून देवाकडे तोंड करून उभे. गुरवाने एकेक मागणं मागावं आणि सगळ्यांनी एका आवाजात "व्हय महाराजा" म्हणावं. हाकाऱ्याला गेलेल्या लेकरांना काटा रुतू देऊ नको. व्हय महाराजा. बंदुकीच्या पुढे माणूस येऊ देऊ नको. व्हय महाराजा.

मी मागे, बंदुकांजवळ होतो. खिशातली टोकदार गोळी क्याटलॉगच्या कागदात गुंडाळली होती, नळीतून परत घरंगळू नये म्हणून. काकांच्या बंदुकीच्या तोंडात ती घातली आणि कारवीच्या काडीने आत ढकलली. हात-दीड हात गेली आणि कागद अडकून थांबली. गजाने ठासायला हवी, हे मला कळत होतं. पण गजाचा आवाज झाला असता. ज्याची टिंगल करत मी मुंबई गाठली होती तो वारा मी स्वतःच्या हाताने नळीत ठेवला, आणि पुढच्या मागण्याला सगळ्यांच्या बरोबर "व्हय महाराजा" म्हणालो.

पारधीला निघताना तांडेलमामा प्रत्येक बंदुकीत पुन्हा एकदा गज टाकून बघत. तीन बघून झाल्या. काका उतावळे, ते बंदूक घेऊन पाणंदीला लागलेसुद्धा. मी त्यांच्या सोबत बारीवर बसणार होतो, म्हणून तांडेलमामांनी मला थांबवलं. उतारवयात त्यांना चढ चढवत नसे.

"बाबा, काकांच्या बंदुकीत गज टाकून बघितलास?"

"बघितला."

"चार बोटं?"

"चारच."

"उडाला न्हवं?"

"उडाला, मामा. किती वेळा विचाराल?"

ते हसले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. मला वाटतं, ट्रामचं बोलणं मी मनात ठेवलं नाही याचं त्यांना बरं वाटलं असावं.

बारी म्हणजे डुक्कर बाहेर पडायची अरुंद वाट. आम्ही तिच्या तोंडाशी एका कातळामागे बसलो. हाकारा सुरू झाला, डबे वाजले, आरोळ्या जवळ येऊ लागल्या. डुक्कर निघालं ते थेट समोरून. काकांनी डाव्या हाताने नळी पेलली, चाप ओढला. जो आवाज झाला तो बाराचा नव्हता. धूर गेला तेव्हा काका बसलेले होते आणि आपल्या डाव्या हाताकडे बघत होते. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नव्हतं, अंगठा लोंबत होता. डुक्कर आम्हा दोघांच्या मधून गेलं. त्याने आमच्याकडे बघितलंही नाही.

लोकांनी काकांना झोळीत घालून पालीला नेलं आणि तिथून गाडीने रत्नागिरीला. काकांची बंदूक आणायला म्हणून मी मागे राहिलो. नळी मधोमध फणसासारखी फुटली होती. कातळाखाली शिशाचा गोळा पडला होता, गोल गोळी आणि टोकदार गोळी एकमेकीत घुसून एक झालेल्या. एका बाजूला टोक अजून ओळखू येत होतं. मी तो व्हाळाच्या पाण्यात फेकला. हात धुतले. मग बंदूक खांद्यावर टाकून रडत गावात आलो. रडणं खरं होतं. काकांसाठी किती आणि माझ्यासाठी किती, ते मी तेव्हा मोजलं नाही.

काका वाचले. हात बांधून पंधराव्या दिवशी घरी आले, आणि दुसऱ्या दिवशी देवळात गाव बसलं. आमच्याकडे म्हण होती, बार ज्याचा जाब त्याचा. फुटकी बंदूक मध्ये ठेवली होती. तांडेलमामांनी ती मांडीवर घेतली आणि फाटलेल्या जागेवरून बोट फिरवत राहिले. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि जे सांगितलं ते शब्दन् शब्द बरोबर होतं. बार असतो मागे, दस्त्यापाशी. दारू जास्त झाली असती तर नळी मागे फुटली असती. ही मध्ये फुटली आहे. म्हणजे मध्ये काहीतरी अडकलं होतं आणि त्याच्यामागे वारा होता.

"मध्ये काय असणार, भावोजी?" पितळवाला म्हणाला. "तुमचं गलबत?"

गाव हसलं. ज्याने आयुष्यात एक सरळ गोळी पाडली नाही तो माणूस विचारत होता, आणि ज्यांचा जीव वीस वर्षं या म्हाताऱ्याने राखला ती माणसं हसत होती. त्यांना मी आज नावं ठेवतो आहे. त्या दिवशी त्यांच्यात मीही हसलो.

तांडेलमामांनी माझ्याकडे बघितलं. तोंडावर सुटल्यासारखा भाव आला. त्यांना साक्षीदार आठवला होता.

"ह्या पोरानं गज टाकला हुता," ते गावाला म्हणाले. "बाबा, सांग तू. चार बोटं हुती न्हवं? गज उडाला न्हवं?"

मी तेव्हा खरं सांगितलं असतं तर फार तर काय झालं असतं? काकांनी मारलं असतं, गावाने तोंडात शेण घातलं असतं, रजा संपली की मी मुंबईला गेलो असतो. मला जायला मुंबई होती. त्यांना दुसरं काही नव्हतं.

"होती," मी म्हणालो. "चारच होती. गजही उडाला."

त्यांना वाटलं, सुटलो. बार बरोबर होता हे सिद्ध झालं. पण गाव उलटं समजलं. मध्ये काही नव्हतं, सगळं तांडेलच्या मापाप्रमाणे होतं, आणि तरी बंदूक फुटली. म्हणजे मापच चुकीचं. कुणीतरी मला विचारलं, तू बंदुकांच्या लाइनीतला, तुझं काय मत? तिथे गप्प राहता आलं असतं. मी राहिलो नाही. मी सांगितलं, की पुस्तकाप्रमाणे एवढ्या नळीला तीन बोटंच दारू पुरे, चार म्हणजे धोकाच, आजवर फुटली नाही हे नशीब. असं कुठल्याच पुस्तकात नव्हतं. पुस्तकात बोटंच नव्हती.

काकांनी बांधलेला हात पुढे केला. म्हणाले, "घरजावयाच्या हातात गावाचा बार दिला, ही चूक आपलीच."

तांडेलमामा उठले नाहीत, भांडले नाहीत. मांडीवरची बंदूक त्यांनी हळूच खाली ठेवली. नंतर गाव बराच वेळ काय काय बोलत होतं, पण ते स्वतःच्या उजव्या हाताची चार बोटं एकाला एक लावून बघत बसले होते.

शिमग्याच्या आधी ते जयगडला आपल्या भाच्याकडे निघून गेले. कुणी जा म्हटलं नाही. थांबा म्हणूनही कुणी म्हटलं नाही. आतेच्या चुलतभावांनी त्यांची ट्रंक पालीपर्यंत पोचवली, एवढी आमच्या गावाची माणुसकी. पुढच्या वर्षी पितळवाल्याने बार भरले. तीन पारधी झाल्या, एक कुत्रं जखमी झालं, डुक्कर एकही नाही. तरी गाव म्हणे, सुरक्षित झालं. आणि कुठे काही बिघडलं, सुनेच्या हातून मडकं फुटलं, गाडीचा आस मोडला, की लोक म्हणत, तांडेलचा बार झाला. ही म्हण मी मुंबईतही नेली. दुकानातल्या लोकांना ती फार आवडली.

जयगडला मी गेलो त्याला मध्ये पाच-सहा वर्षं गेली. दरम्यान तो क्याटलॉग पुन्हा हाती आला होता आणि तळाची बारीक अक्षरं मी वाचली होती. माझं लग्न झालं होतं, मुलगा झाला होता. बारशाला काकांनी त्याला मांडीवर घेतलं, आणि त्यांच्या हातातून तो निसटता निसटता वाचला. ते बघून मी ठरवलं. बायकोला सांगितलं, खाडीपलीकडे एक काम आहे. वाटेत चालताना काय बोलायचं ते मी जुळवत होतो. चार वाक्यं होती. मोठी नव्हती.

तांडेलमामा बंदरावर एका झापाच्या सावलीत बसले होते. समोर शेगडी, तिच्यावर कढई, कढईत शिसं. जाळ्यांची वजनं पाडत होते. जी वजनं ते आमच्याकडे आणून त्यांच्या गोळ्या करत, तीच आता पुन्हा वजनं होत होती. अंगावर मांस राहिलं नव्हतं. मला त्यांनी आवाजावरून ओळखलं. भाच्याच्या बायकोला हाक मारून चहा सांगितला, आमच्या गावच्या भाताची चौकशी केली, माझ्या मुलाचं ऐकून आनंद मानला. मग म्हणाले, "काकांचा हात कसा हाय?"

मी सांगितलं, नांगर धरतात.

त्यांनी पळीने शिशावरची राख बाजूला केली. वर न बघता बोलले, "रोज बार भरतो मी. हितं बसल्या बसल्या, मनात. काकांची बंदूक घेतो. दारू वाळलेली. बोळा नीट. गोळी कोकमतेलात. गज टाकतो, चार बोटं. सोडतो, उडतो. तो आवाज अजून कानात हाय. मंग चुकलं कुटं? तू शिकलेला हायस. मला सांग बाबा, माजं चुकलं कुटं?"

याहून सोपी वेळ कुणाला मिळेल? माणूस स्वतः विचारत होता. ऐकणारं तिसरं कुणी नव्हतं. चार वाक्यं जिभेवर होती. आणि मी, वाट चालून त्यासाठीच आलेला, असं म्हणालो, "तुमचं काही चुकलं नाही, मामा. नळीच जुनी होती."

मला वाटलं, एवढ्याने त्यांना बरं वाटेल, आणि माझंही भागेल. अर्धं खरं देऊन पूर्ण सुटायची मुंबईची सवय.

त्यांनी पळी कढईत टेकवली. मग मान हलवली.

"जुनी नळी हाताला कळली नाय," ते म्हणाले, "म्हंजे चुकलंच की माजं."

चहा आला. मी तो प्यालो. निघताना त्यांनी मला सुक्या बांगड्याची पुडी दिली, काकांसाठी. ती मी काकांना दिलीसुद्धा, पण कुणी दिली ते सांगितलं नाही. पुढल्या पावसाळ्यात तांडेलमामा वारले. पालीच्या बाजारात जयगडचा एक मासेवाला भेटला, त्याच्याकडून कळलं.

चार वाक्यं अजून पाठ आहेत. तांडेलमामा, तुमचा बार बरोबर होता. मी गज टाकलाच नव्हता, आणि गाऱ्हाणं चालू असताना तुमच्या बारावर माझी गोळी ढकलून मध्ये वारा मीच ठेवला. काकांची बोटं मी घालवली, आणि गावात तुम्ही विचारलंत तेव्हा दुसऱ्यांदा खोटं बोललो. मला क्षमा करा.